वैराग्य कुणाला सांगावं?

"बाई, केस बहुत गळून राहिले." गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात आरोग्य सेविकेची नोकरी करताना ही तक्रार माझ्या कानावर सतत येते. अंगावरून जास्त जातं हे बाया सांगत नाहीत. पांढरं जातं हे तर नाहीच. चक्कर येते, धाप लागते, हे कामाचंच समजून गिळून टाकतात. केसांचं मात्र सांगतात. लेकराला डोस द्यायला आलेली बाई निघता निघता दारात थांबते, पदर मागे सारते आणि भांगाजवळची विरळ झालेली जागा बोटाने दाखवते. केस हे चारचौघांत बोलता येईल असं दुखणं आहे. त्याच्या आड दुसरी कितीतरी दुखणी लपलेली असतात, हे मला या नोकरीने शिकवलं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या वसा आणि अमिर्झा या गावांतल्या साडेसहाशे बायांची तपासणी केली होती. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. शंभरातल्या ब्याण्णव जणींना स्त्रीरोग होता आणि त्यापूर्वी त्यासाठी तपासणी झालेल्या जेमतेम आठ. इतकं दुखणं मुकाट्याने सोसणारी बाई केसांसाठी तोंड उघडते, तेव्हा तिला हसू नये. आणि लगेच अध्यात्मही सांगू नये.

हे दुसरं मी मुद्दाम लिहिते आहे. मी मूळची चंद्रपूरची. नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी आमच्या चांद्याला येऊन धम्मदीक्षा दिली. माझे आजी-आजोबा त्या गर्दीत होते. वंदना ऐकतच मी मोठी झाले. वर्षावासात विहारात जी प्रवचनं होतात त्यांत शरीराच्या अनित्यतेचा विषय निघाला की केसांचं उदाहरण हटकून येतं, आणि त्याला परंपरेचा भक्कम आधार आहे. नव्या श्रामणेराला ध्यानासाठी शरीराचे जे पाच भाग आधी दिले जातात त्यांतला पहिला म्हणजे केस. मग लव, नखं, दात, त्वचा. सिद्धार्थाने घर सोडलं आणि तलवारीने आपले केस कापले. थेरीगाथेतली आम्रपाली स्वतःचं म्हातारं झालेलं शरीर एकेक अवयव घेऊन न्याहाळते, तीही सुरुवात केसांपासूनच करते.

अशाच एका प्रवचनानंतर माझ्या ओळखीच्या एका बाईने केस झडण्याचं गाऱ्हाणं काढलं. नुकतीच बाळंत झालेली होती. एका ज्येष्ठ उपासकांनी तिला समजावलं, "ताई, केसांची तृष्णा सोडा, दुःख आपोआप सुटेल." माणूस सज्जन, हेतूही चांगला. बाई खाली मान घालून घरी गेली. तिचं हिमोग्लोबिन सात होतं.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. केस गळतात म्हणून वाटणारं दुःख ही आसक्ती आहे का? असेल, तर तिच्यावरचा उतारा वैराग्य आहे का? आणि वैराग्य सांगण्याचा अधिकार कुणाला, कधी येतो?

बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी काही प्रश्न मांडले आहेत आणि त्यांतला एक चार आर्यसत्यांविषयीचा आहे. जगणं दुःख, मरण दुःख, पुन्हा जन्मणंही दुःख, असंच सगळं असेल तर माणसाला आशा कुठे उरते? हे मूळ शिकवणुकीतलं आहे की भिक्खूंनी नंतर घातलेलं, असं त्यांनी सरळ विचारलं. कितीतरी जणांना तो प्रश्न धाडसाचा वाटतो. मला तो फार गरजेचा वाटतो. दुःखाचं सगळं ओझं दुःखी माणसाच्याच इच्छेवर टाकलं की बाकीचे मोकळे होतात. रक्त कमी असलेल्या बाईला 'तुझ्या इच्छेमुळे तुला दुःख होतं' असं सांगितलं, की तिचं रक्त कमी का, हे कुणी विचारायचं कारणच उरत नाही. बाबासाहेबांनी दुःखात दारिद्र्य घातलं, माणसाने माणसावर केलेला अन्याय घातला. दुःख ओळखणं आणि ते दूर करणं हा त्यांनी धम्माचा पाया मानला. दुःख दूर करायचं तर कारण शोधावं लागतं. केसांच्या बाबतीत ते शोधता येतं, हे मी रोज पाहते.

डोक्यावर लाखभर केस असतात. एकेक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन महिने विसावतो आणि गळतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणं हे निरोगी डोक्याचं लक्षण आहे. शरीराला मोठा दणका बसला, म्हणजे कडक ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा उपासमार झाली, की वाढीतले पुष्कळ केस एकाच वेळी विसाव्यात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळू लागतात. महाराष्ट्रात मलेरियाने ज्या जिल्ह्यांना सर्वांत जास्त पिडलं त्यांत गडचिरोली पहिल्या रांगेत आहे. पावसाळा सरता सरता ताप येतो, बाई गोळ्या खाऊन बरी होते, ताप विसरते. धानाची कापणी उरकेपर्यंत केस मूठ-मूठ निघायला लागतात. तिला वाटतं नव्या साबणाने झालं, बोअरच्या पाण्याने झालं, कुणाच्या नजरेने झालं. मी विचारते, "ताप कधी आला होता?" ती आठवते आणि चमकून माझ्याकडे बघते. असे केस बहुतेक वेळा सहा-आठ महिन्यांत आपोआप परत येतात. तिला काही विकत घ्यायचं नसतं. 'येतील' असं कुणीतरी जाणत्याने सांगायचं असतं, इतकंच.

दुसरं मोठं कारण लोह. त्याबद्दल लिहिताना सूरजागडचा डोंगर डोळ्यांसमोरून हटत नाही. या डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे. दर जानेवारीत यात्रा भरते, सत्तरेक गावांच्या इलाख्यातले माडिया लोक येतात. त्याच डोंगराच्या पोटात उंची प्रतीचं लोहखनिज आहे. २००७ साली ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा मंजूर झाला. ग्रामसभांनी विरोध केला, पुढे खूप घडलं, रक्तही सांडलं. आज एटापल्ली-आलापल्लीच्या रस्त्याने खनिजाच्या गाड्या रात्रंदिवस चालतात आणि कडेची सागाची पानं लाल धुळीने माखलेली असतात. माणसाच्या अख्ख्या शरीरात लोह असतं तीन-चार ग्रॅम. तेवढंही या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या पुष्कळ बायांच्या अंगात नाही. दगडातलं लोह खाता येत नाही, हे मला कळतं. एकाचा दुसऱ्याशी सरळ संबंध जोडणं खोटं होईल. तरी लोहाचं मोल टनावर ठरवणाऱ्या व्यवस्थेने बायांच्या रक्तातलं लोह कधी त्याच निष्ठेने मोजलं का, हे विचारायचा हक्क मला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी चौपन्न टक्के बायांना रक्तक्षय निघाला. सगळ्या राज्याची ही गोष्ट. आमच्या जंगलातली बाई त्यात भात आणि आंबिलीवर दिवस काढते, लागोपाठ बाळंत होते आणि पाळीत किती जातं ते कुणाला सांगत नाही.

लोह कमी पडलं की शरीर आधी हृदय, मेंदू सांभाळतं. केस त्याच्या लेखी शेवटी येतात. म्हणून केस आधी गळतात. बाईला वाटतं आपलं रूप गेलं. मला दिसतं की तिचं शरीर मागणं मागतं आहे. लाल गोळी आमच्याकडे फुकट मिळते, गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस. ती खाल्ली की मळमळतं, शी काळी होते, म्हणून बाया ती उशीखाली ठेवतात. रात्री जेवणानंतर घ्या, वर चहा पिऊ नका, लिंबू पिळून घ्या, असं समजावत बसावं लागतं. आणि इथे सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे. ज्याला सिकलसेल आहे, ज्याला वारंवार रक्त चढवलंय, त्याने तपासल्याशिवाय लोह घेत सुटू नये, कारण अंगात लोह साचूनही घात होतो. एकाला जे औषध ते दुसऱ्याला विष होऊ शकतं, हे केसांच्या गोळ्यांच्या बाटलीवरच्या जाहिरातीत कधी लिहिलेलं नसतं.

बाटलीकडे आता यावंच लागेल.

हेडरीच्या बाजूचा एक तरुण खाणीवर कामाला आहे. हेल्मेट घालून घालून कपाळावरचे केस गेले, अशी त्याची खात्री. लग्नाला वर्ष झालेलं. त्याने मोबाइलवरून केसांच्या कॅप्सूल मागवल्या. मी लसीकरणाला गेले तेव्हा त्याने बाटली आणून माझ्या हातात दिली, अभिमानाने. हिरवी बाटली, वर दाट केसांचा माणूस, '१०० टक्के हर्बल', 'हार्मोन बॅलन्स'. मागे बारीक इंग्रजीत यादी: सॉ पाल्मेटो, बायोटिन, भृंगराज, झिंक, सेलेनियम. किंमत अशी, की तेंदूच्या हंगामात बाईने कितीतरी दिवस पुडे बांधावेत. वाचता वाचता मी विचारलं, "तूच घेतोस ना?" तो म्हणाला, "हीपण घेते. हिचेपण गळतात. झाडपाल्याचं आहे, काय होते?" ती दाराआड उभी होती. मी तिला पाळी कधी आली होती ते विचारलं. तिने आठवडी बाजारांवरून हिशेब केला आणि गप्प झाली. किटवर दोन रेघा आल्या. कॅप्सूल त्याच क्षणी बंद करायला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांपुढे उभं केलं.

भीती का वाटली, ते सांगायचं तर हार्मोनची गोष्ट सांगावी लागते. पुरुषाच्या टक्कलामागे टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणारं डीएचटी नावाचं हार्मोन असतं. ज्यांच्या केसांची मुळं वारशाने त्याला संवेदनशील असतात त्यांचा केस दर नव्या वाढीला बारीक होत जातो आणि शेवटी दिसेनासा होतो. हेल्मेटचा यात काही दोष नाही. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४२ साली दाखवलं की वयात येण्याआधी वृषण गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि घराण्यात टक्कल असलेल्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की पडू लागतं. १९७४ साली डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास छापून आला. त्यांच्यात डीएचटी तयार करणारं एन्झाइमच जन्मतः अपुरं होतं. त्या घरांतली मुलं जन्मली तेव्हा मुली वाटायची, वयात येताना पुरुष व्हायची, आणि त्यांना टक्कल पडत नसे. त्यातूनच फिनास्टेराइड हे औषध आलं, अमेरिकेत १९९२ साली प्रोस्टेटसाठी आणि १९९७ साली केसांसाठी मंजूर झालेलं. मुलग्याच्या गर्भाची जननेंद्रियं घडायलाही हेच डीएचटी लागतं. म्हणून त्या गोळीचा चुरासुद्धा गरोदर बाईने हाताळू नये असं सांगतात. सॉ पाल्मेटो हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बुटका ताड आहे. त्याच्या फळांचा अर्क त्याच एन्झाइमला अडवतो या भरवशावर तो विकला जातो. प्रोस्टेटसाठी त्याची कसून परीक्षा झाली, तेव्हा २००६ साली सव्वादोनशे पुरुषांवरच्या वर्षभराच्या अभ्यासात तो रिकाम्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. म्हणजे गुणाची खात्री नाही, आणि गुण असलाच तर गर्भाला धोका. यातलं काहीही त्या जोडप्याला कुणी सांगितलं नव्हतं.

'झाडपाल्याचं आहे, काय होते?' हे वाक्य मला शहरात ऐकू आलं तर समजू शकते. जंगलात राहणाऱ्याने ते म्हणावं याचं फार वाईट वाटतं. इथे प्रत्येक पोराला माहीत आहे की बिब्याचं तेल अंगाला लागलं की फोड उठतात. मोहाचं फूल काय करतं ते माहीत आहे. कुठलं कंदमूळ रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खायचं नाही, हे म्हाताऱ्या बाया सांगतात. झाड निरुपद्रवी असतं असं जंगलाने या लोकांना कधीच शिकवलं नाही. ते बाटलीने शिकवलं. गावचा पुजारी मुळी देतो तेव्हा त्याला घर माहीत असतं, बाई पोटुशी आहे का ते माहीत असतं, उतार पडला नाही तर त्याच्याच दारात लोक जाऊन उभे राहतात. त्याचं सगळं बरोबर असतं असं मी म्हणत नाही. साप चावलेलं लेकरू त्याच्या अंगणात उशीर झाल्याने दगावल्याचं मी पाहिलं आहे. पण तो उत्तरदायी आहे. बाटलीला दार नाही.

माका, आवळा, ब्राह्मी, जास्वंद यांच्याशी माझं भांडण नाही. माझी आजी माक्याचं तेल करायची, मीही लावते. आयुर्वेदाने केस जाण्याला खालित्य, चट्टे पडण्याला इंद्रलुप्त अशी वेगवेगळी नावं दिली, म्हणजे त्या वैद्यांनाही सगळ्यांची केसगळती एक वाटत नव्हती. आज मात्र एकच कॅप्सूल खाणीवरच्या पुरुषाला, बाळंतिणीला, थायरॉइडच्या बाईला आणि तापातून उठलेल्या पोरीला सारखीच विकतात.

याहून गंभीर गोष्ट बायोटिनची आहे. केसांच्या गोळ्यांत ते भरमसाट घालतात. ज्याच्या अंगात त्याची मुळातच कमतरता नाही, त्याला त्याचा उपयोग होतो याला ठोस पुरावा नाही. पण मोठ्या मात्रेतलं बायोटिन रक्ताच्या काही तपासण्या बिघडवतं. थायरॉइडचा टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो. हृदयविकाराची ट्रोपोनिन चाचणीही चुकू शकते, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली तसा इशारा दिला. थायरॉइड मंदावल्यामुळे केस गळणारी बाई केसांसाठी गोळी घेते, आणि ती गोळीच थायरॉइडचा आजार तपासणीत झाकून टाकते. कारण पाहू न देणारा उपाय. धम्माच्या भाषेत अविद्या म्हणतात ती मला इथे अगदी कागदावर, लॅबच्या रिपोर्टात दिसते.

टक्कल बरं करण्याचा दावा औषधाने करणं कायद्याला मान्य नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम १९४५ च्या अनुसूची 'जे'मध्ये, जे आजार बरे करण्याचा दावा औषधाने करूच नये त्यांची यादी आहे, आणि तिच्यात टक्कल स्पष्ट लिहिलेलं आहे. पण हीच वस्तू औषध न म्हणता पूरक आहार म्हणून विकली की वाट मोकळी होते. 'बरं करतं' न लिहिता 'मदत करतं' लिहायचं, बाकी फोटो बोलतो.

डिसेंबर २०२४ संपता संपता आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात जे झालं ते आठवा. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या माणसांच्या डोक्याला आधी खाज सुटली, मग तीन-चार दिवसांत केस हातात यायला लागले. म्हातारे, पोरं, बाया, सगळे. काहींनी डोकं भादरून घेतलं. आधी पाण्यावर संशय गेला, मग बुरशीवर, मग शाम्पूवर. गावाचं नाव निघालं की माणसं लांब सरकू लागली. शेगाव हे गजानन महाराजांचं गाव, लाखो लोक श्रद्धेने येतात. त्या गावांत तेव्हा कुणी म्हणालं असतं की बाबांनो, केस अनित्य आहेत, मोह सोडा, तर ते क्रूर झालं असतं. तिथे आरोग्य विभाग आला, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं, आणि विंचूदंशावरच्या कामामुळे ज्यांना जग ओळखतं ते महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर आले. त्यांनी रक्त, लघवी, केस तपासले, घराघरांतले रेशनचे गहू तपासले, आणि त्या गव्हात सेलेनियम कितीतरी पट जास्त निघाल्याचं सांगितलं. पुष्कळांचे केस नंतर उगवले. शरीराला सेलेनियम लागतं दिवसाला पन्नास मायक्रोग्रॅमच्या आसपास. त्याहून फार जास्त झालं की पहिल्यांदा केस आणि नखं जातात. २००८ साली अमेरिकेत एका पूरक आहाराच्या द्रवात चुकून दोनशे पट सेलेनियम पडलं आणि दोनशेवर लोकांना विषबाधा झाली, त्यांतल्या बहुतेकांचे केस गळले. तेच सेलेनियम त्या हिरव्या बाटलीच्या मागे केसांच्या पोषणासाठी म्हणून छापलेलं होतं. शेगावच्या एखाद्या घरात तेव्हा कुणी ती बाटली आणली असती, तर विषात विष मिसळलं असतं.

तरी वैराग्याचा मार्ग मी सोडून देत नाही. तो तरुण माझ्यासमोर बसला होता, तेव्हा मी त्याला खरं ते सांगितलं. तुझ्या वडिलांचं कपाळ बघ, आजोबांचं बघ. हे तुला वारशात आलं आहे. त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलास तर चेन्नई-मुंबईत वापरतात तीच औषधं मिळतील, मिनॉक्सिडिल आहे, फिनास्टेराइड आहे. ती चालू आहेत तोवर काम करतात, काहींना त्रास देतात, तुला हवी असतील तर डॉक्टरांना विचारून घे. नको असतील तर हे कपाळ तुझंच आहे, त्याच्याबरोबर राहायला शीक. हे ऐकून तो गप्प बसला. दुःखी झाला असेल, पण फसवला गेला नाही.

त्याच्या केसांचं कारण बदलता येत नव्हतं. तिथे अनित्यतेची शिकवण खरी उतरते. माझ्याही भांगाजवळ आता विरळ झालं आहे. पाळी गेली, इस्ट्रोजेन कमी झालं, टीएसएच तपासला तर तो नीट निघाला, हिमोग्लोबिन बारा. शोधायचं ते शोधून झालं. उरलेलं म्हातारपण आहे आणि त्याच्याकडे आम्रपालीने पाहिलं तसं पाहावं लागेल. पाहताना दुःख होतं. तिलाही झालं असणार, नाहीतर तिने तितकं बारकाईने सांगितलं नसतं. केस कापून घर सोडणाऱ्या बुद्धाचेच आठ केस दोन व्यापाऱ्यांनी नेले आणि ते रंगूनच्या श्वेडागॉन स्तूपात आहेत असं ब्रह्मदेशातले बौद्ध मानतात. लाखो लोक तिथे वाकतात. केसांवरची माया इतकी जुनी आणि इतकी निर्मळही असू शकते. तिला तृष्णा म्हणून झिडकारणं मला जमत नाही.

माझं मत असं झालं आहे. वैराग्य स्वतःला सांगावं, आणि तेही तपासणी झाल्यावर. दुसऱ्याला सांगायचं असेल तर आधी त्याचं रक्त तपासावं, ताप विचारावा, घरात काय शिजतं ते पाहावं. ज्याचं कारण हटवता येतं त्याला वैराग्य सांगणं हा धम्म नव्हे. ज्याचं हटवता येत नाही त्याला बाटली विकणं हा अधर्म आहे. त्या उपासकांना मी हे पुढच्या भेटीत बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. आता विहारात वर्षावासातल्या एका रविवारी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी ठेवायची असं ठरलं आहे.

माझी एवढीच विनंती आहे. केस गळायला लागले तर गेल्या तीन-चार महिन्यांत ताप, बाळंतपण, ऑपरेशन झालं का ते आठवा आणि सांगा. पाळीत जास्त जात असेल तर तेही सांगा, आम्हाला त्यात नवल वाटत नाही. हिमोग्लोबिन आणि सिकलसेल उपकेंद्रात फुकट तपासतात, थायरॉइडसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. आणि कुठलीही केसांची गोळी, पावडर, काढा सुरू केलेला असेल, तर रक्त द्यायला येताना ती बाटली सोबत घेऊन या आणि सुई टोचण्याआधी दाखवा.